‘डोक्याचा डॉक्टर’ नेमका कोण? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण, बदललेले नियम आणि बीडच्या लेकरांसाठी वाट

बीड : लेकरू सहावीत आहे, पण दुसरीच्या पुस्तकातली ओळ वाचता येत नाही. गुरुजी म्हणतात, "याला एकदा दाखवून घ्या." आई-बाप तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तिथून जिल्ह्याला पाठवतात. तिथं मनोविकारतज्ज्ञ तपासतात आणि सांगतात, "याची आयक्यू टेस्ट करावी लागेल, ती सायकॉलॉजिस्ट करतात." सायकॉलॉजिस्ट कधी ठराविक वारीच असतात, कधी पदच रिकामं असतं. तोवर मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा होऊन जातो आणि कुटुंब कोयता घेऊन कारखान्याकडं निघून जातं. टेस्ट राहते ती राहतेच. दाखला नाही म्हणून परीक्षेत सवलत नाही, सवलत नाही म्हणून दहावीत नापास, आणि पुढच्या हंगामाला तेच पोरगं फडात.

ज्या एका माणसासाठी हे सगळं अडून बसतं, तो माणूस तयार कसा होतो? किती वर्षं लागतात? आपल्या जिल्ह्यातून असे लोक का निघत नाहीत? आणि मोठ्या बोर्डावर ‘सायकॉलॉजिस्ट’ लिहून बसलेला माणूस खरा की खोटा हे मोबाईलवर कसं बघायचं? बारावीनंतर ‘मानसशास्त्र घेतलं तर पुढं काय’ असं विचारणारी मुलं-मुलीही बरीच आहेत. त्यांच्यासाठी आणि घरात असा पेशंट असलेल्यांसाठी हा लेख. थोडा लांब आहे, पण नियम मध्यंतरी इतके बदललेत की थोडक्यात सांगायला गेलं तर चुकीचं सांगितलं जाईल.

आधी माणसं ओळखा

गावात सगळ्यांना एकच नाव, डोक्याचा डॉक्टर. प्रत्यक्षात ही वेगवेगळी माणसं आहेत.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकॅट्रिस्ट, हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. त्यानंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा. गोळ्या लिहून देतो, दवाखान्यात भरती करून घेतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मराठीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, हा एमबीबीएस नसतो. त्यानं मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून त्यापुढं दवाखान्यात राहून खास प्रशिक्षण घेतलेलं असतं. तो चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो, बोलण्यातून आणि सवयी बदलण्यातून उपचार करतो. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. कुणी स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवतो आणि पुडीतून गोळ्या देतो, तर तिथंच ओळखा.

समुपदेशक, म्हणजे कौन्सिलर. शाळेत, कॉलेजात, एचआयव्ही केंद्रात, पोलीस ठाण्याच्या महिला कक्षात हे लोक असतात. यांचं काम मोलाचं आहे. नवरा-बायकोची भांडणं, परीक्षेची भीती, दारू सोडायचा निश्चय, अशा ठिकाणी चांगला समुपदेशक फार उपयोगी पडतो. पण आयक्यूचा अधिकृत रिपोर्ट किंवा आजाराचं निदान हे त्याचं काम नाही.

आणखी एक माणूस असतो, सायकॅट्रिक सोशल वर्कर. पेशंटच्या घरची परिस्थिती बघणं, योजना मिळवून देणं, गावात परत बसवणं हे त्याचं काम.

अंगात येतं, बाहेरचं झालंय, भानामती केली, म्हणून ज्यांच्याकडं आपण आधी जातो ते या यादीत नाहीत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, तरी पहिली चक्कर अजून तिकडंच होते. त्यात गेलेले सहा-आठ महिने पुढं उपचाराला महागात पडतात.

तो नेमकं करतो काय?

लोकांना वाटतं, ‘नुसता बोलतो अन् पैसे घेतो.’ म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं काम चाचण्यांचं. बुद्धी मोजायची म्हणजे गणिताचा पेपर नव्हे. आपल्याकडं अजूनही वापरात असलेली एक चाचणी म्हणजे बिने-कामत. मूळ चाचणी फ्रान्सच्या बिने यांची. व्ही. व्ही. कामत यांनी ती धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर तपासून आपल्या मुलांना लागू पडेल अशी बनवली, आणि १९४० मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. म्हणजे मराठी बोलणाऱ्या लेकराची बुद्धी मराठीतूनच मोजायची सोय स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. मुलांसाठीची दुसरी नेहमीची चाचणी मालिन यांची. परदेशातल्या वेश्लर चाचणीचं ते भारतीय रूप असून त्यावर काम केलं ते नागपुरात. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी सी. एम. भाटिया यांनी १९५५ च्या सुमारास पाच भागांची चाचणी दिली. त्यात ठोकळे जुळवायचे, आकृती काढायच्या, चित्राचे तुकडे लावायचे असतात. कधी शाळेत न गेलेल्या माणसालाही ती देता येते.

या चाचण्यांची पेटी आणून कुणीही प्रश्न विचारू शकतो, मग शिक्षण कशाला? इथंच मेख आहे. लेकराला ताप होता का, ते घाबरलंय का, ऐकायला कमी येतं का, घरी लमाणी बोलतं आणि प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले का, दर सहा महिन्यांनी कारखान्यावर गेल्यामुळं शाळाच बुडाली आहे का, हे सगळं बघून आकड्याचा अर्थ लावावा लागतो. ऊसतोड कामगाराचं पोरगं वाचत नाही याचं कारण अक्षर-ओळखीची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असू शकतं. बुद्धीची वाढ कमी असू शकते. आणि नुसतं शाळेत बसायला मिळालं नाही हेही असू शकतं. तिन्हींचा कागद वेगळा आणि इलाजही वेगळा. चुकीचा शिक्का बसला तर पोराच्या आयुष्याला चिकटतो.

दुसरं काम उपचाराचं. सतत हात धुणारी बाई, दारात कुलूप लावलं का हे वीस वेळा बघणारा माणूस, कर्जाच्या विचारानं तीन-तीनला जागा होणारा शेतकरी, बाळंतपणानंतर लेकराकडं बघवत नाही म्हणणारी सून. यांच्याशी तो ठरवून, टप्प्याटप्प्यानं काम करतो. आठवड्याला एक बैठक, मधल्या दिवसांत घरी करायचा सराव, पुढच्या वेळी त्याचा हिशोब. धीर देणं वेगळं आणि हे वेगळं. पाहुणे-रावळे धीर देतातच, त्यानं आजार जात नाही.

तिसरं काम कुणी फारसं बोलत नाही असं. औषध पिऊन वाचलेला माणूस वॉर्डात शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलणारं कुणीतरी हवं असतं. घरचे बहुतेक वेळा ‘चुकून पिलं’ असं लिहून घ्या म्हणतात, केस होईल या भीतीनं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये असं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जाईल आणि त्याला मदत देणं सरकारचं काम आहे. म्हणून खरं सांगा. खरं सांगितलं तरच पुढचा प्रयत्न टळायची सोय होते.

शिक्षण : बारावीपासून मोजलं तर किमान सात वर्षं

बारावी कुठल्याही शाखेची चालते. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘सायन्स नाही म्हणून डॉक्टरकीचं काही करता येणार नाही’ असं आर्ट्सच्या मुलींना सर्रास सांगितलं जातं. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, पुढं मानसशास्त्रात एम.ए. केलं की पाच वर्षं झाली. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय आपल्याकडच्या कॉलेजांतही मिळतो.

पण एम.ए. झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं नाही. इथं बहुतेक मुलांची फसगत होते. एम.ए. ही विषयाची पदवी आहे. पेशंटवर काम करायचा परवाना त्यानंतरच्या प्रशिक्षणातून मिळतो. आजपर्यंत हे प्रशिक्षण म्हणजे दोन वर्षांचं, पूर्ण वेळ, एम.फिल. इन क्लिनिकल सायकॉलॉजी.

नाव एम.फिल. असलं तरी हे ग्रंथालयात बसून प्रबंध लिहायचं एम.फिल. कधीच नव्हतं. डॉक्टरांची एमडी असते तसंच हे. सकाळी ओपीडीत नवीन पेशंटची हिस्टरी घ्यायची, वॉर्डात फेरी, दुपारी चाचण्या, संध्याकाळी वरिष्ठांसमोर केस मांडायची. वरिष्ठ विचारतात, तू हा प्रश्न का विचारलास, तो गप्प झाला तेव्हा तू काय केलंस. पहिल्या वर्षात चाचण्या घेऊन निदानाचे पाच सविस्तर रिपोर्ट, दुसऱ्या वर्षात उपचाराचे पाच सविस्तर रिपोर्ट सादर करावे लागतात. शिवाय प्रबंध, लेखी आणि तोंडी परीक्षा. मेंदू आणि शरीराचा अभ्यासही करावा लागतो, कारण थायरॉईड बिघडल्यानं आलेली उदासी आणि मनातली उदासी वरून सारखीच दिसते.

या सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘देखरेखीखाली’. आपल्याकडं मेकॅनिकच्या हाताखाली पोरगं दोन वर्षं राहतं, आधी पाना द्यायला शिकतं, मग इंजिन उघडतं. माणसाचं मन उघडायचं तर हाताखाली राहणं त्याहून जास्त गरजेचं. पण त्यामुळंच जागा कमी. एका शिक्षकाच्या हाताखाली मोजकीच मुलं घेता येतात, त्या संस्थेत पेशंट भरती असावे लागतात, ओपीडी असावी लागते. म्हणून एकेका संस्थेत जागा मोजक्याच आणि फॉर्म शेकड्यानं.

हे प्रशिक्षण देशात सुरू झालं ते बंगळुरूला. तिथं १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, जिला आज आपण निमहान्स म्हणतो, आणि १९५५ मध्ये वैद्यकीय मानसशास्त्राचा डिप्लोमा सुरू झाला. पुढं त्याचंच एम.फिल. झालं. १९६० च्या दशकात रांचीला दुसरं केंद्र झालं. आसामात तेजपूरलाही सरकारी संस्था आहे. आपल्या राज्यात पुण्यात, ससूनच्या आवारात, महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं मोठी मनोरुग्णालयं आहेत, पण नकाशा काढून बघा, चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. शिकायचं ठिकाण जिथं, तिथंच शिकलेला माणूस बहुधा राहतो. बीडला माणूस का मिळत नाही याचं निम्मं उत्तर त्या नकाशात आहे.

परदेशात थोडं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात आधी साधा सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होते आणि मग मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण व वरिष्ठांच्या देखरेखीखालचा काळ पूर्ण केल्यावर ‘क्लिनिकल’ हा शब्द लावायची परवानगी मिळते. आपल्याकडं उलटं, आधी क्लिनिकलचं पूर्ण शिक्षण आणि मग नोंदणी.

नोंदणी म्हणजे काय आणि ती बघायची कशी

भारतीय पुनर्वास परिषद, इंग्रजी अक्षरांवरून आरसीआय, ही संसदेच्या १९९२ च्या कायद्यानं बनलेली संस्था आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तिच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये नाव नोंदवावं लागतं आणि सीआरआर नंबर मिळतो. नोंदणी एकदा केली की जन्मभर, असंही नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्या काळात कार्यशाळा-प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. नोंदणी नसताना हे काम केलं तर त्या कायद्याच्या कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! १९९२ सालचा आकडा तसाच राहिलाय. बोगस माणूस एका बैठकीचे त्याहून जास्त घेतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्याच दिली आहे. आरसीआयनं मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्ण वेळ एम.फिल. याच कायद्यात राज्याच्या प्राधिकरणानंही अशा लोकांची नोंद ठेवून यादी जाहीर करावी असं आहे.

तुम्ही काय करायचं? रिपोर्टच्या खाली सही-शिक्का बघा. तिथं सीआरआर नंबर असायला हवा. नसेल तर सरळ विचारा, "सर, तुमचा आरसीआय नंबर काय?" खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. मग आरसीआयच्या वेबसाइटवर जाऊन तो नंबर किंवा नाव टाकून बघा, नोंदणी चालू आहे का तेही कळतं. गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दोन मिनिटांत काढून देईल. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तीन महिन्यांच्या ऑनलाईन कोर्सचं सर्टिफिकेट असेल, संमोहनाचं असेल, ‘माइंड पॉवर’चं असेल, तर त्याचा या नोंदणीशी काही संबंध नाही.

दाखल्याच्या कामात हे जास्तच महत्त्वाचं. शिकण्याच्या अक्षमतेचं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचं, प्रमाणपत्र द्यायच्या वैद्यकीय पथकात क्लिनिकल किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट असावा लागतो. बाहेरून हजार-दोन हजार देऊन भलत्याच माणसाकडून आणलेला रिपोर्ट बोर्डापुढं टिकत नाही. पैसे जातात, आणि परत पहिल्यापासून रांगेत.

नियम बदलले, ते नीट वाचा

आता मुलांसाठी सगळ्यात गरजेचा भाग.

नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद करायचं ठरलं. यूजीसीनं नोव्हेंबर २०२२ च्या नियमात ती थांबवली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॉलेजांना बजावलं की एम.फिल.ला प्रवेश देऊ नका. पण मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार कसे होणार, असा गदारोळ झाला. जानेवारी २०२४ मध्ये यूजीसीनं क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकॅट्रिक सोशल वर्क या दोनच एम.फिल.ना सूट दिली, तीही २०२५-२६ या सत्रापर्यंतच. ज्यांनी ही पदवी रीतसर घेतली त्यांची पदवी आणि नोंदणी शाबूत आहे, त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण आज जी मुलगी अकरावी-बारावीत आहे, तिच्यापुढं जुनं एम.फिल. असणार नाही. तिला आरसीआयनं मान्य केलेल्या नव्या रचनेच्या अभ्यासक्रमातून जावं लागेल, जसं की आरसीआय मान्यतेचं क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. किंवा सायडी ही डॉक्टरेट.

इथं एक सापळा आहे. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं नाव असलेले कोर्स कितीतरी खासगी विद्यापीठांत आधीपासून आहेत आणि त्यातल्या सगळ्यांना आरसीआयची मान्यता नाही. जाहिरातीत फोटो तोच, नाव तेच, फी लाखांत. दोन वर्षांनी मुलगी नोंदणीला जाते तेव्हा कळतं की हा कोर्स यादीतच नाही. म्हणून प्रवेशाआधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या वर्षीची मान्य संस्थांची यादी उघडा आणि त्यात संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि सत्र, तिन्ही जुळतात का बघा. कॉलेजचा माणूस ‘मान्यता प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाला तर पैसे भरू नका. प्रोसेसमध्ये असणं म्हणजे नसणं.

दुसरा बदल दूरशिक्षणाचा. आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षकांनी, अंगणवाडी पर्यवेक्षिकांनी, घर सांभाळणाऱ्या बायकांनी इग्नूतून मानसशास्त्राचं एम.ए. केलंय. यूजीसीनं २०२५ मध्ये ठरवलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासकट आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीनं शिकवता येणार नाहीत. जे आधीच प्रवेश घेऊन बसलेत त्यांना पूर्ण करता येईल, नवीन प्रवेश नाही. कारण समजण्यासारखं आहे, पेशंट न बघता हे काम शिकता येत नाही. पण खरं सांगायचं तर याचा फटका पुण्या-मुंबईच्या मुलीला बसत नाही. लग्न झालेली, वडवणी किंवा शिरूर कासारच्या वस्तीवर राहणारी, रोज साठ-सत्तर किलोमीटर कॉलेजला जाऊ न शकणारी जी मुलगी घरी बसून एम.ए. करत होती, तिचा रस्ता बंद झाला. जवळच्या कॉलेजात पदव्युत्तर वर्ग सुरू करणं हा त्याला पर्याय होता. तो आधी व्हायला हवा होता, असं आमचं मत आहे.

तिसरं, साध्या सायकॉलॉजिस्टसाठी आणि समुपदेशकांसाठी वेगळा कायदा आला आहे, २०२१ चा. त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोरुग्णांसाठीचे सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी धरली आहे. म्हणजे ‘एम.ए. झाल्यावर क्लिनिकलला नंबर लागला नाही तर सगळं वाया’ असं नाही. ती वाट स्वतंत्र आहे, फक्त आपण कोण हे लोकांना खरं सांगायचं.

आपल्या मुलीनं ही वाट धरायची तर

समजा गेवराईजवळच्या गावातली मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिली अडचण मार्कांची. पुढच्या प्रशिक्षणासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागत आले आहेत, एससी-एसटीसाठी ५०. म्हणजे एम.ए. नुसतं पास होऊन भागत नाही.

दुसरी अडचण इंग्रजीची, आणि ती मोठी आहे. प्रवेश परीक्षा इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. मराठीतून बी.ए. केलेल्या हुशार मुली इथं गळतात. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज मानसशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकाचं एक पान, शब्द काढून, वाचत गेली तर पाच वर्षांत फरक पडतो. याला शॉर्टकट नाही. गंमत अशी की शिकताना इंग्रजी लागतं आणि पेशंटसमोर बसल्यावर लागते ती आपली मराठी. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात कालवाकालव होते’, ‘काळजात धस्स होतं’, ‘कशातच मन लागंना’ हे पेशंट ज्या शब्दांत सांगतो ते शहरातल्या मुलीला आधी शिकावं लागतं. आपली मुलगी ते घरून घेऊन जाते.

तिसरं, पैसा. एम.ए.पर्यंत सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात फी फार नाही आणि पात्र मुलांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते. पुढच्या प्रशिक्षणात निमहान्ससारख्या सरकारी संस्थांत फी कमी आणि विद्यावेतनही मिळतं, पण स्पर्धा देशभराची. खासगी संस्थांत फी लाखांत जाते. कर्ज काढण्याआधी वर सांगितलेली यादी बघा.

चौथी अडचण घरातली. ‘वेड्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं राहायचं? लग्न कसं जमायचं?’ हे बोललं जातं, लपवण्यात अर्थ नाही. वॉर्डात राहून शिकणाऱ्यांत आज मुलीच मोठ्या संख्येनं आहेत, एवढंच सांगतो.

नोकरी कुठं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्यानं चालू आहे आणि त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद आहे. मात्र मार्गदर्शक सूचनांत ‘क्लिनिकल किंवा प्रशिक्षित सायकॉलॉजिस्ट’ अशी पळवाट ठेवली आहे, कारण माणसंच मिळत नाहीत. पद कंत्राटी असतं, आणि सात वर्षं शिकलेला माणूस कंत्राटावर बीडला का येईल, हा प्रश्न पुढाऱ्यांना विचारण्यासारखा आहे. मेडिकल कॉलेजं, व्यसनमुक्ती केंद्रं, विशेष शाळा आणि स्वतःचं क्लिनिक हे बाकीचे मार्ग.

गरज किती आहे? निमहान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली तेव्हा शंभरात दहापेक्षा जास्त प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचाराबाहेर होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या अकरा तालुक्यांत फिरणाऱ्या कुठल्याही आशाताईला विचारा, ती घरं बोटावर मोजून दाखवील. शेतकरी आत्महत्यांमुळं २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या आठ आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा घरोघरी जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंवरच आलं. त्यांनी शोधलेला माणूस पुढं कुणाकडं पाठवायचा, तिथं येऊन गाडी अडते.

आज गरज असेल तर

अंबाजोगाईला १९७४ पासूनचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मनोविकार विभागाची ओपीडी चालते. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धत्व आणि मानसिक आरोग्य केंद्र आहे. कोरोनात तिथं मोठं कोविड सेंटर होतं, म्हणून जागा बहुतेकांना माहीत असेल. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. जाताना आधार कार्ड, जुने कागद, लेकराचं असेल तर शाळेची वही आणि प्रगतीपत्रक घेऊन जा. टेस्ट असेल तर सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी बसतात हे आधी फोन करून किंवा आशाताईकडून विचारून घ्या आणि लेकराला खाऊ-पिऊ घालून, झोप झालेली असताना न्या. कारखान्यावर जायच्या आधी, म्हणजे पोळा ते दसरा या काळात, हे काम उरकलेलं बरं. रिपोर्टची झेरॉक्स काढून मोबाईलमध्येही फोटो ठेवा, कारण खोपीवर कागद भिजतात.

आणि रात्री-अपरात्री कुणाच्या मनात नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. नाव सांगायची सक्ती नाही. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. दोन्ही नंबर घरातल्या एका तरी मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. माणूस जवळ एकटा असेल तर त्याला सोडून जाऊ नका, आणि फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवा.